जळालेली तक्तपोशी आणि उरलेले खर्डे

१८ जुलै १७१८ या दिवशी ॲन्टवर्प नगरातील जेझुइट पंथीयांच्या भव्य चर्चवर वीज कोसळली. छपराच्या लाकडाने पेट घेतला, आणि आग विझली तेव्हा मधला सभामंडप व त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्या यांचे छत नाहीसे झालेले होते. त्या छताबरोबर ३९ चित्रे जळाली. ती पेटर पाउल रूबेन्स या चित्रकाराच्या योजनेनुसार रंगवून तेथे बसवण्यात आली होती, आणि जवळजवळ शंभर वर्षे खालून जाणारे भाविक व प्रवासी माना वर करून ती पाहत आले होते. त्यांपैकी एकही वाचले नाही.

असे असूनही या छताविषयी आज पुष्कळ सांगता येते. याचे कारण म्हणजे रूबेन्सने त्या चित्रांसाठी आधी स्वतःच्या हाताने तयार केलेले छोटे तैलखर्डे. हातात धरता येतील एवढ्याशा लाकडी फळ्यांवर तेलरंगात झपाट्याने केलेले हे आराखडे मूळ चित्रांच्या मानाने केवळ साधन होते. परंतु साधन उरले आणि साध्य जळाले. मग या दोहोंत रूबेन्सचे खरे काम कोणते, हा प्रश्न उभा राहतो. तो आपल्याला वाटतो तितका आधुनिक नाही. छताचे काम सुरू होण्यापूर्वीच, १६२० साली झालेल्या एका करारनाम्यात, तो व्यवहाराच्या भाषेत मांडला गेला होता.

ते वर्ष समजण्यासाठी नगराची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १५६६ साली ॲन्टवर्पमध्ये मूर्तिभंजकांनी चर्चमधील प्रतिमा व चित्रे फोडली होती. पुढे काही काळ नगर प्रॉटेस्टंटांच्या हाती होते. १५८५ साली स्पेनच्या सैन्याने ते जिंकले आणि कॅथॉलिक सत्ता परत आली. १६०९ साली हॉलंडशी बारा वर्षांचा तह झाला. त्या तहाच्या सावलीत रिकाम्या वेदी आणि उघड्या भिंती पुन्हा भरून काढण्याचे काम जोरात सुरू झाले. जेझुइटांनी १६१५ साली आपले नवे चर्च बांधावयास घेतले. आरंभीची योजना आग्विलोनियस या विद्वान जेझुइटाची होती. प्रकाशशास्त्रावरील त्याच्या १६१३ सालच्या ग्रंथासाठी रूबेन्सनेच चित्रे योजून दिली होती. १६१७ साली आग्विलोनियस वारला, आणि बांधकाम त्याचा सहकारी पेटर हायसेन्स याने पूर्ण केले. आतील भाग संगमरवराने असा मढवला होता की लोक त्याला संगमरवरी मंदिर म्हणू लागले.

रूबेन्स त्या वेळी ऐन कर्तृत्वात होता. आठ वर्षे इटलीत काढून तो १६०८ च्या अखेरीस परतला होता, राजदरबाराचा चित्रकार झाला होता, आणि त्याच्या चित्रशाळेत शिष्य व सहायक यांची वर्दळ होती. युरोपच्या कलापरंपरेत ज्याला इतिहासचित्रकार म्हणत, त्या वर्गातील तो अग्रणी होता. इतिहास या शब्दाचा तेथील अर्थ आपल्यापेक्षा व्यापक आहे. लढाया आणि राज्याभिषेक तर त्यात येतातच, पण धर्मग्रंथांतील प्रसंग, संतांची चरित्रे आणि पुराणकथाही येतात. या हिशेबाने राजा रविवर्म्याची पौराणिक चित्रेही इतिहासचित्रेच ठरतील. अनेक माणसे एका निर्णायक क्षणी एकत्र आणून त्या क्षणाचा अर्थ डोळ्यांना दिसेल असा मांडणे, हे या चित्रकाराचे काम. आणि म्हणूनच व्यक्तिचित्र, निसर्गचित्र यांहून त्याची पायरी वरची मानली जाई.

२९ मार्च १६२० रोजी ॲन्टवर्पच्या जेझुइट मठाचे प्रमुख याकोबस तिरिनस आणि रूबेन्स यांच्यात करार झाला. त्यातील कलमे व्यापाऱ्याने लिहावीत तशी रोखठोक आहेत. छताची ३९ चित्रे करावयाची. विषयांची यादी प्रमुखांनी द्यायची. प्रत्येक चित्राचा लहान आराखडा रूबेन्सने स्वतःच्या हाताने तयार करावयाचा. मोठी चित्रे मात्र व्हॅन डाइक व इतर शिष्य यांच्याकडून करवून घ्यावयाची, आणि त्यांत जे उणे राहील ते रूबेन्सने आपल्या हाताने पुरे करावयाचे. मोबदला ७,००० गिल्डर. मुदत त्याच वर्षाच्या अखेरीची किंवा पुढील वर्षाच्या आरंभीची. म्हणजे ३९ चित्रांना जेमतेम नऊ-दहा महिने.

यानंतरचे कलम सर्वांत बोलके आहे. काम संपल्यावर रूबेन्सने ते ३९ लहान आराखडे मठाच्या स्वाधीन करावेत. अथवा, तसे करावयाचे नसेल, तर त्यांच्या ऐवजी एका वेदीसाठी आणखी एक मोठे चित्र रंगवून द्यावे. अंदाजपत्रकातील एखाद्या बाबीसारखे हे वाक्य आहे, पण त्यात केवढा विचार दडला आहे! मोठी चित्रे शिष्य रंगवणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. परंतु गुरूचा हात प्रत्यक्ष कोठे फिरणार आहे, हेही दोघांना तितकेच ठाऊक होते. म्हणून त्या छोट्या फळ्यांना एका वेदीचित्राइतके मोल लावण्यात आले. पुढे हे खर्डे निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेले आढळतात. त्यावरून ते रूबेन्सने मठाला न देता आपल्यापाशी ठेवले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. श्रमाचा हिशेब केला तर हा सौदा तोट्याचा दिसतो. पण चित्रशाळेत हे खर्डे म्हणजे कल्पनांचे भांडारच होते. एखादी आकृती, एखादी रचना पुन्हा लागली तर ती हाताशी असे, आणि नव्या शिष्याला दाखवण्यास याहून चांगला धडा नव्हता.

खर्डा तयार होई तो असा. ओकच्या पातळ फळीला खडू आणि सरस यांचे पांढरे अस्तर देत. ते वाळून गुळगुळीत झाले की त्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात रुंद कुंचल्याने असा ओढत की त्याचे पट्टे दिसत राहावेत. हे पट्टे रूबेन्सच्या अनेक फळ्यांवर आजही साध्या डोळ्यांना दिसतात, आणि चित्राच्या सावल्यांत तोच रंग उघडा राहून मधला सूर धरतो. त्यावर गडद तपकिरी रंगाने कुंचल्याची रेषा, आणि मग उजेड पडेल तेथे पांढऱ्याचे घट्ट ठिपके व पट्टे. या छतासाठी त्याने दोन पायऱ्या केल्या होत्या. काही प्रसंगांचा पहिला विचार केवळ करड्या-तपकिरी छटांत मांडलेला सापडतो. त्यात रचना आणि उजेड-सावली एवढेच ठरलेले असते. दुसरी पायरी रंगीत खर्ड्याची. शिष्यांनी ज्यावरून मोठे चित्र उभे करावयाचे तो हाच नमुना. कोणाचे वस्त्र लाल, आकाश कोठे उघडे, कोणाचा पाय चौकटीबाहेर येऊ पाहतो, हे सारे त्यात निश्चित केलेले असे. मठाच्या प्रमुखांना संमतीसाठी दाखवावयाचेही तेच. एकाच फळीवर अशी दोन कर्तव्ये असल्यामुळे तीत घाई दिसते, पण संदिग्धता दिसत नाही.

लंडनजवळच्या डलिच येथील चित्रसंग्रहात संत बार्बराचा खर्डा आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेली ही कन्या आणि तिच्यावर संतापलेला तिचा बाप, ही कथा. रूबेन्सने निवडलेला क्षण पाठलागाचा आहे. बार्बरा मनोऱ्याच्या पायऱ्यांवरून वर पळते आहे आणि बाप शस्त्र घेऊन तिच्या मागे आहे. चित्र भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला टांगलेले पाहिले तर त्यातील माणसे थोडी विचित्र वाटतात. मांड्या आखूड, हनुवट्या वर, पायऱ्यांची खालची कडा नको तितकी पुढे आलेली. दोष चित्राचा नसतो, पाहण्याच्या जागेचा असतो. ते चित्र पाहणाऱ्याच्या डोक्यावर, ओवरीच्या छतात बसावयाचे होते. मान वर करून पाहिले की आखडलेली अंगे उलगडतात, जिना खरोखर वर चढू लागतो आणि बार्बरा आपल्यापासून दूर, आकाशाकडे पळताना दिसते.

हे कसब रूबेन्स व्हेनिसमध्ये शिकला. तेथे तिशियनने एका चर्चच्या छतासाठी काइन आणि हाबेल, अब्राहामाचे बलिदान आणि दावीद-गल्याथ अशी तीन चित्रे केली होती. त्यांपैकी दोन विषय ॲन्टवर्पच्या यादीतही आहेत. आणि व्हेरोनेसेने संत सेबास्टियनच्या चर्चमध्ये छतावर एस्तेर राणीची कथा रंगवली होती. या व्हेनिसकरांनी माणसे सरळ तळपायांकडून दाखवण्याचा अतिरेक केला नाही. जिन्याच्या तळाशी उभे राहून तिरपे वर पाहावे, असा कोन त्यांनी धरला. त्यामुळे उंचीचा भास राहतो आणि चेहरेही हरवत नाहीत. रूबेन्सने तोच कोन घेतला आणि त्यात आपला वेग भरला.

एस्तेरचा त्याचा रंगीत खर्डा लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. १९७८ साली काउंट सायलर्न यांच्या मृत्युपत्राने तो तेथे आला. बायबलमध्ये या कथेचा आरंभच अहश्वेरोश राजा हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत राज्य करीत होता, असा आहे. तेव्हा आपल्या देशाचे नाव या प्रसंगाच्या दारातच भेटते. न बोलावता राजासमोर जाणाऱ्यास मृत्युदंड, मात्र राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तर अभय, असा दरबारचा नियम. आपल्या लोकांचे प्राण वाचवण्यासाठी एस्तेर न बोलावता जाते. रूबेन्सच्या खर्ड्यात पायऱ्यांवर ती खचते आहे आणि वरून राजा पुढे झुकून दंड तिच्याकडे नेतो आहे. दंडाचे टोक आणि राणी यांच्यातले एवढेसे अंतर, त्यावर सगळे चित्र तोललेले आहे. शिष्य हे मोठ्या प्रमाणात उतरवू शकत होते, परंतु ते अंतर किती ठेवावयाचे हे त्यांनी ठरवलेले नव्हते.

विषयांच्या मांडणीत जेझुइटांची विद्वत्ता दिसते. चर्चला खाली-वर असे दोन मजले होते. खालच्या ओवऱ्यांच्या छतांत १८, वरच्या सज्जांच्या छतांत १८ आणि वाद्याच्या माडीखाली तीन, अशी ३९ चित्रांची वाटणी. खाली संत व संतिणी आणि आद्य धर्माचार्य. वर जुन्या करारातील एक प्रसंग आणि त्याच्या शेजारी नव्या करारातील त्याचा जोडीदार. शबाची राणी शलमोनाकडे भेटी घेऊन येते, तर शेजारी पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बालयेशूकडे येतात. मलकीसदेक अब्राहामाला भाकर व द्राक्षारस देतो, तर शेजारी येशूचे अखेरचे भोजन. एलीया अग्निरथातून स्वर्गी जातो, तर शेजारी येशूचे स्वर्गारोहण. पहिली घटना दुसरीची पूर्वछाया, हा सिद्धान्त. सज्जातून पुढे चालत जाणाऱ्यास तो पावलागणिक समजावा, अशी ती योजना होती. सुटे खर्डे पाहताना नेमके हेच हरवते. जोडीतला एक खर्डा एका देशात आणि दुसरा दुसऱ्या देशात असला, तर कथा कळते पण तिचे उत्तर कळत नाही.

याच चर्चच्या मुख्य वेदीसाठी रूबेन्सने आधीच दोन प्रचंड चित्रे केली होती: संत इग्नेशियसचे चमत्कार आणि संत फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार. त्यांचे ३,००० गिल्डरही १६२० च्या त्याच करारात नमूद आहेत. झेवियरच्या चित्राचा धागा थेट गोव्याशी जुळतो. झेवियर १५४२ साली गोव्यास उतरला, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि त्याचा देह जुन्या गोव्यात आजही आहे. चित्रात तो उंच चौथऱ्यावरून उपदेश करतो आहे, भोवती पूर्वेकडील वेषांतील जनसमूह आणि मागे कोसळणारी मूर्ती. स्वतः रूबेन्सने पूर्वेचे तोंडही पाहिले नव्हते. त्याची ती कोसळणारी मूर्ती म्हणजे ॲन्टवर्पच्या कल्पनेतील हिंदुस्थान होय, गोव्यातला नव्हे. गोव्यातील जेझुइट त्याच काळात निराळ्या मार्गानेही चालले होते, हे मराठी श्रोत्यांस सांगावयास नको: फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, म्हणजे ॲन्टवर्पच्या चर्चचा पाया घातल्यानंतर अवघ्या एका वर्षाने.

ही दोन वेदीचित्रे १७१८ च्या आगीतून वाचली, कारण वेदीचा भाग आगीच्या तडाख्यातून सुटला. १७७३ साली जेझुइट संघ विसर्जित झाल्यावर ती १७७६ साली व्हिएन्नाच्या राजसंग्रहासाठी घेण्यात आली आणि आजही त्याच नगरीत आहेत. त्यांचे तैलखर्डेही तेथेच आहेत. खर्डा आणि पुरे झालेले चित्र शेजारी ठेवून पाहण्याची ही संधी छताच्या बाबतीत मिळत नाही. तरीही छताचे नुकसान कोणत्या जातीचे आहे, हे या जोडीवरून ताडता येते. खर्ड्यात नसलेले किती तरी मोठ्या चित्रात येते. हात, मुद्रा, वस्त्रांचे पोत तर येतातच, पण मुख्य म्हणजे आकाराचा दरारा येतो. पाच मीटरांहून उंच चित्रासमोर माणूस लहान होतो. खर्ड्यासमोर तो वाकून पाहतो.

म्हणून आगीत फक्त शिष्यांचे काम गेले आणि गुरूचे राहिले, असे म्हणणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. करारात ज्याचे नाव आहे तो अँटनी व्हॅन डाइक त्या आठवड्यात नुकताच २१ वर्षांचा झाला होता. सवडीने एखाद्या उपवेदीचे चित्र त्याला देऊ, असे आश्वासनही करारात होते. त्यावरून त्याचा लौकिक कळतो. त्याच शरदात तो इंग्लंडला गेला. तेव्हा त्या ३९ चित्रांतील कोणत्या आकृतींवर त्याचा कुंचला फिरला, हे प्रत्यक्ष चित्रांवरूनच सांगता आले असते. तो पुरावा जळाला. रूबेन्सच्या खर्ड्यांत व्हॅन डाइक सापडणार नाही. आगीचे खरे नुकसान झाले ते या तरुणांचे.

छताची एक आठवण मात्र एका तरुणानेच राखली. ॲम्स्टरडॅमचा याकोब द विट शिक्षणासाठी ॲन्टवर्पला आला होता. १७११-१२ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, त्याने छताखाली बसून ३६ चित्रांच्या रेखाप्रती काढल्या. त्या वेळी हा केवळ विद्यार्थ्याचा अभ्यास होता. सहा वर्षांनी वीज पडली आणि त्या अभ्यासाचा दस्तऐवज झाला. १७५१ साली यान पुंट याने द विटच्या प्रतींवरून कोरीव मुद्रिते प्रसिद्ध केली. या प्रतींचे मोल असे की त्या पुऱ्या झालेल्या छतावरून घेतलेल्या आहेत. चौकटींचे आकार, खर्ड्यानंतर केलेले फेरफार, कोणते चित्र कोठे होते, हे त्यांवरून जुळवता येते. त्यांत रूबेन्सचा हात नाही आणि रंगांची मूळ झळाळी नाही; पण खर्ड्यांत जे नाही ते त्यांत आहे. एकाने काम होण्यापूर्वी काढलेले आणि दुसऱ्याने काम झाल्यानंतर काढलेले, अशा दोन साक्षींच्या मधोमध ते छत कोठे तरी होते.

या साक्षी एकत्र तपासण्याचे मोठे काम जॉन रूपर्ट मार्टिन यांनी केले. रूबेन्सच्या समग्र चित्रांची जी सूचीमाला ॲन्टवर्पहून प्रसिद्ध होऊ लागली, तिचा १९६८ साली निघालेला पहिला भाग याच जळालेल्या छताला वाहिलेला आहे. ज्या चित्रकाराची शेकडो चित्रे शाबूत आहेत त्याची सूची नष्ट झालेल्या चित्रांपासून सुरू व्हावी, हा क्रम ध्यानात राहतो. त्यानंतर खर्ड्यांकडे पाहण्याची दृष्टीही पालटत गेली. रूबेन्सचे सुमारे ५०० तैलखर्डे आज ज्ञात आहेत, आणि २०१८ साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने केवळ त्यांचेच प्रदर्शन भरवले. खर्ड्यातील मोकळेपणा, उघडी फळी, अर्धवट सोडलेला हात यांचे आजच्या रसिकाला फार कौतुक वाटते. रूबेन्सला ते कितपत रुचले असते, याची शंका घ्यावयास जागा आहे. छताचे काम पुरे झाल्यावर थोड्याच महिन्यांत, १६२१ च्या सप्टेंबरात, एका पत्रात त्याने स्वतःविषयी लिहिले होते की आपला पिंड लहान नवलाईच्या वस्तूंपेक्षा अतिविशाल कामांना अधिक मानवणारा आहे.

त्याने छतासाठी केलेले एक विशाल काम आजही मूळ जागी आहे. लंडनच्या व्हाइटहॉल प्रासादातील भोजनगृहाच्या छतावर त्याची नऊ चित्रे १६३६ साली बसवली. पुढे तो प्रासाद आगीत गेला, पण ते भोजनगृह वाचले. ॲन्टवर्पच्या छतासमोर उभे राहण्याचा अनुभव काय असेल, हे जाणण्याची सर्वांत जवळची जागा आज ती आहे. ॲन्टवर्पचे चर्चही उभे आहे. संत चार्ल्स बोरोमेओ हे नाव त्याला पुढे मिळाले. दर्शनी भाग मूळचा, संगमरवराने मढवलेली देवमातेची ओवरीही मूळची. मुख्य वेदीवरील मोठी चित्रे सणावारांप्रमाणे आलटून पालटून बसवण्याची जुनी यंत्रयोजनाही तेथे टिकून आहे. बाजूच्या ओवऱ्यांचे छत मात्र आगीनंतर नव्याने केलेले आहे, आणि त्यावर रूबेन्सचे एकही चित्र नाही.